रिकामा डबा

समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी आमची वाटी परत द्यायला आली. वाटीत चिमूटभर साखर होती. "रिकामी नाही द्यायची, आई म्हणते."

पूर्वी त्याच घरात राहणाऱ्या सुमनवहिनी एकदा अशाच आमचा डबा घेऊन आल्या होत्या. कडेवर छोटा बाळू होता. डबा मात्र रिकामा, पहिल्यांदाच. पेपरातून डोकं काढून मी म्हणालो, "काय वहिनी, साखरेला मुंग्या लागल्या वाटतं!" त्या हसल्या. "पुढच्या वेळी भरून देईन, भावोजी."

त्या दुपारी वहिनी आणि बाळू घरातून गेले, ते आजवर कुणाला दिसले नाहीत. पोलिसांनी विहिरीसुद्धा पाहिल्या. डब्याबद्दल मी त्यांना काही बोललो नाही. सांगण्यासारखं ते वाटलंच नाही.

माणूस आतून रिकामा होत असतो, तेव्हा त्याची खूण कुठेतरी दिसत असावी. मला ती दिसली होती आणि मी तिची थट्टा केली. तो डबा अजून फळीवर आहे. बायको त्यात काही भरत नाही.

मुलगी वळली तसं मी विचारलं, "आई बरी आहे ना गं?"

ती गोंधळली. "भाकऱ्या करतेय."

तरी मी दारातच उभा राहिलो, समोरून भाकरी थापल्याचा आवाज येईपर्यंत.