सव्वा वाजता जिन्यावर

ह्यांची शाळा सकाळची. भवानी पेठेतलं आमचं घर पहिल्या मजल्यावर, आणि मी क्लार्क आहे ते कॉलेज दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे दुपारी सव्वा वाजता आम्ही तिघं एकत्र जेवायचो. हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. एका मंगळवारी ताटं मांडली होती आणि शाळेतून फोन आला. हे वर्गातच कोसळले होते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. चारच दिवसांनी, दुपारी पडले असताना, जिन्याच्या वरच्या पायरीवर चप्पल पडल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरी पडली.

ह्यांचा गुडघा दुखायचा. भिंतीला हात टेकून ते एकेक चप्पल काढायचे, म्हणून दोन आवाजांत तेवढं अंतर.

मी दार उघडलं. जिना रिकामा होता. फरशी इतकी तापलेली की अनवाणी कुणी उभं राहिलं नसतं. घड्याळात सव्वा वाजला होता.

दुसऱ्या दिवशीही आवाज आला. तिसऱ्या दिवशीही. दवाखान्यातून ह्यांच्या चपला पिशवीत बांधून आल्या होत्या, ती पिशवी आत्यांनी माळ्यावर टाकली होती. मी स्टुलावर चढून बघितलं. गाठ तशीच होती, वर धूळ बसलेली.

खरं सांगायचं तर भीती पहिल्याच दिवशी वाटली. नंतर मी वाट बघायला लागले. रजा संपली तरी ऑफिसला गेले नाही, कारण गेले आणि परतायला उशीर झाला तर आवाज चुकला असता. सकाळी उठून काय करायचं? सव्वा वाजायची वाट बघायची. नंतर काय करायचं? उद्याची. आंघोळ दोन-दोन दिवस राहायची. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा, गिळायचा कसा तेच आठवायचं नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी आत्या टीव्ही लावायच्या. एरवी दिवसभर बंद, पण एक वाजून दहा मिनिटं झाली की लावायच्या आणि आवाज वाढवत न्यायच्या. मालिका, बातम्या, काहीही. टीव्हीच्या गोंगाटात मी दाराला कान लावून उभी राहायचे.

एके दिवशी मी तो फाडकन बंद केला.

"आत्या, तुम्हाला ऐकायचं असतं तरी का त्यात काही? मुद्दाम लावता ना?"

"व्हय. मुद्दामच लावते."

"का?"

तेवढ्यात बाहेर पहिली चप्पल पडली. आत्यांची मान दाराकडे वळली. दुसरी पडली, तसे त्यांचे ओठ हलले. "बा मगा, बा." माहेरच्या कन्नडात म्हणाल्या, ये बाळा, ये.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हालाही येतंय ऐकू?"

"पयल्या दिसापासनं," त्या म्हणाल्या. "तुला येऊ नये म्हणून टीव्ही लावत होते की. तुझं वय हाय अजून. तू ह्या दारात बसून ऱ्हाशील, ह्याचंच लई भ्या वाटायलं होतं."

त्या दुपारी आम्ही पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो. तोवर दोघी आपापल्या कोपऱ्यात रडत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच मला रिक्षात घालून मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मला वाटलं होतं, वेडी ठरवतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येणं पुष्कळांना होतं, त्याला वेड म्हणत नाहीत. आवाजापेक्षा तुमचं जेवण, झोप आणि घराबाहेर पडणं थांबलंय, त्याची मला काळजी आहे. गोळ्या दिल्या. अर्धा दिवस तरी कामावर जा म्हणाल्या.

दोघींना एकच आवाज, एकाच वेळी कसा येतो, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, दोघीही वर्षानुवर्षं त्याच वेळी त्याच आवाजाची वाट बघत होतात. मला ते पटलं. पूर्ण नाही पटलं.

कामावर जायला लागले. जेवायला डबा नेते. पहिल्या आठवड्यात फायली उघडून नुसती बसायचे. गोळ्यांनी दोनेक महिन्यांत झोप आली, मग भूक आली. मग एका रविवारी घरी होते. आत्यांची मान दाराकडे वळलेली बघितली आणि लक्षात आलं, मला काहीच ऐकू आलेलं नाही.

"आले?" मी विचारलं.

"आला की."

मी खूप वेळ जिन्याकडे बघत बसले. सुटका झाली होती, आणि ह्यांना मी दुसऱ्यांदा गमावलं असंही वाटत होतं.

आत्यांना मी दवाखान्यात चला म्हणायचे. "मला कशाला? नवरा तुझा गेला, तू बरी हो. माजं पोरगं येतंय, येऊ दे." माझ्यासोबत मात्र दर वेळी यायच्या आणि बाहेर बाकावर बसायच्या.

गेल्या महिन्यात माझा नंबर पुकारला, तर माझ्याआधी त्याच उठल्या. आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. डॉक्टरीणबाईंना कन्नड येतं, हे मला तेव्हा कळलं. अर्धा तास आतून आत्यांचा आवाज येत राहिला, कधी चढा, कधी अगदी बारीक. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजले होते आणि हातात चिठ्ठी होती.

"ही गोळी जेवायच्या आदी का नंतर, वाचून सांग," एवढंच म्हणाल्या.