कोरडी भिंत

"अहो, कोरडी आहे म्हणतोय ना! हात लावून बघा, गाल लावून बघा, पाहिजे तर जीभ लावून बघा!"

"हात लावून काय कळणार, पेंटरकाका? रंग तुमच्याच हातचा ना?"

एवढं बोलून मेडिकलवाल्यानं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि छाती तपासून डॉक्टरनं हलवावी तशी मान हलवली. जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या काढून देणारा हा माणूस. पण घर घ्यायला निघाला की कुणीही सर्जनच होतो.

"माझ्या मेव्हण्यानं पुलाखालचं घर घेतलं, तेव्हा तिथल्या भिंतीही अशाच होत्या," तो म्हणाला. "नुसता आरसा! एक पावसाळा गेला आणि भिंतीला गोवर आल्यासारखे फोड आले. ते घर कुणी रंगवलं होतं, माहितीये?"

पेंटरला माहीत होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मेडिकलवाला जिना उतरून गेला तशी आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "जीभ लावून बघा काय! घर विकताय की आइस्क्रीम?"

"मग काय करू? भिंत पाठीवर घेऊन दाखवत फिरू?"

"काही करू नका. आजवर केलंत तेवढं पुरे झालं."

आजवर त्यानं काय केलं, ते सांगायला पाहिजे. पेंटर काम शिकला नव्या घरांवर, पण त्याचं नाव झालं ते विकायला काढलेल्या जुन्या घरांवर. नव्या भिंतीला रंग काय, कुणीही देईल. गाठ पडते ती ओल धरलेल्या भिंतीशी. फुगलेला पापुद्रा काढायचा, भिंत शेगडीनं शेकायची, त्यावर तेलाचा जाड हात मारायचा, मग पुट्टी, मग घासकाम, आणि वर फिकट हस्तिदंती रंगाचे दोन हात. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्याच्या कोपऱ्यात ब्रशची रेघ दिसायची नाही. बल्ब लावला की भिंतीत बल्ब दिसायचा.

हे काम त्याला एजंट द्यायचा. एजंट म्हणजे घरं विकून देणारा, पायात कायम पांढरे बूट घालणारा, आणि चार वाक्यांत तीनदा 'पार्टी' म्हणणारा गडी. "काका, पार्टी येतेय. भिंतीला जरा कपडे घाला," म्हणायचा. पेंटर घालायचा. पुढं त्या घरात कोण राहायला आलं, पहिल्या पावसाळ्यात काय झालं, हे विचारायला तो कधी परत गेला नाही. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "मी रंगवतो. विकतो तो दुसराच." हे त्याला पटलेलं होतं. झोपही चांगली लागायची.

मग बायको जिन्यावरून पडली.

घर वरच्या मजल्यावर. खालचा मजला दुसऱ्याचा. जिना बाहेरून, लोखंडी आणि उभा, शिडीचाच थोरला भाऊ. बाईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि खुर्चीत बसवून चार माणसांनी तिला वर आणलं, कपाट चढवावं तशी. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जायची, मोरीपासून खिडकीपर्यंत यायची. कुणा शेजारणीनं "कधी उतरणार?" म्हणून विचारलं की सांगायची, "चौघांनी वर आणलंय, आता चौघंच खाली नेतील." शेजारणीला हसावं का रडावं कळायचं नाही. ती मात्र खुशाल हसायची.

लेकीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर निघालं होतं. दाराला एक पायरी, तीही बुटकी. घराची मालकीण म्हातारी, एकटी, तिला पुतण्याकडे जायचं होतं. बाजार थंड, म्हणून तिनंही भाव उतरवला होता. पेंटरला म्हणाली, "तुमचं विकेपर्यंत थांबते. पण फार नका थांबवू, माझं वय थांबत नाही." म्हणजे वरचं घर विकलं तर बायको जमिनीवर येणार, नाही विकलं तर खिडकीतच बसणार. इतका साधा हिशेब होता.

एजंट म्हणाला, "काका, पहिल्याच झटक्याला वाजवी भाव सांगा. थंड बाजारात घर म्हणजे हातगाडीवरची भाजी. सकाळी जो भाव मिळतो तो संध्याकाळी मिळत नाही. आणि एकदा का तुम्ही भाव खाली आणायला लागलात, की पार्टीला वाटतं, खाली काहीतरी कुजलंय."

पेंटरनं ऐकलं नाही. दुसऱ्यांची घरं किती वाढवून विकली जातात हे त्यानं शिडीवर उभं राहून ऐकलेलं. "किंमत खाली आणता येते, वर नेता येत नाही," असं म्हणून त्यानं भाव चढाच ठेवला. माणसं आली, बघून गेली. मग भाव थोडा उतरवला. थोडी माणसं आली. आणखी उतरवला, तेव्हा येणारा पहिल्यांदा हेच विचारायला लागला, "इतके दिवस का पडून आहे?"

आणि दुसरी चूक त्यानं केली ती केवळ त्याच्यासारखा पेंटरच करू शकतो. पंधरवडाभर खपून सगळं घर नव्यानं रंगवलं. हस्तिदंती. आरसा. तसं करायचं काहीच कारण नव्हतं. गच्चीला तो दरवर्षी स्वतः डांबर लावायचा, घराला ओलीचा ठिपका नव्हता. पण विकाऊ घर म्हणजे कपडे घालायचे, एवढंच त्याला येत होतं. आता दार उघडलं की ताज्या रंगाचा वास यायचा आणि बघायला आलेल्या माणसाचे डोळे बारीक व्हायचे. आख्ख्या गावात तो हात ओळखीचा झालेला. ज्या घरांनी पुढं फोड दाखवले त्या सगळ्या घरांचा तोच रंग, तोच गुळगुळीतपणा. माणसं यायची, टकटक करायची, एकमेकांकडे बघायची. "बघून कळवतो" म्हणायची. कळवायचं कोण!

मेडिकलवाला मात्र दुसऱ्यांदा आला.

"मला घर आवडलंय, काका. पण माझा विश्वास बसत नाही. एक भिंत उघडी करून दाखवा."

"उघडी म्हणजे?"

"प्लास्टरपर्यंत. तुमचा रंग काढून."

पेंटरनं पट्टी घेतली आणि समोरची भिंत खरवडायला लागला. महिन्यापूर्वी जिच्यावर जीव ओतला तीच भिंत. हस्तिदंती निघाला, खाली पोपटी निघाला, त्याखाली निळा. बायको दारात वॉकर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पोपटी मी नको म्हणाले होते. ऐकलंत का तेव्हा?"

हात चालायला लागला की पेंटरचं तोंडही चालायचं, शिडीवरची सवय. भिंत खरवडता खरवडता त्यानं मेडिकलवाल्याला सगळं सांगितलं. बायकोचा खुबा, जिना, लेकीची गल्ली, दोन खोल्या, बुटकी पायरी. म्हातारी किती भली आहे आणि तिनं किती भाव उतरवलाय, तेही सांगितलं. आतून बायको दोनदा खोकली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, पाणी प्या जरा." पाणी प्यायलं की तोंड बंद होतं, असा तिचा हिशेब. तो पाणी प्यायला आणि पुढं सांगायला लागला.

प्लास्टर उघडं पडलं. कोरडं ठणठणीत, नखानं खरवडलं तर पीठ उडेल असं. मेडिकलवाल्यानं तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"ही कोरडी आहे," तो म्हणाला. "पण कुठली खरवडायची ते तुम्हीच ठरवलंत ना, काका."

"मग तुम्ही सांगा कुठली."

"सगळ्याच दाखवा की. लपवायचं काय आहे?"

पेंटरनं सगळ्या भिंती खरवडल्या. घरभर रंगाचा चुरा, बायकोच्या केसांत चुरा, पाण्याच्या माठावर चुरा. लेक आली ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हे काय चाललंय? माणूस घर घेईल म्हणून घर सोलून ठेवायचं?"

"एकदा तरी खरं बघू दे लोकांना."

"तुमचं खरं बघायला कुणी तिकीट काढलंय का, बाबा?"

मग मेडिकलवाला आपल्या बायकोला घेऊन आला. ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही. निळे-पोपटी ओरखडे, उघडं प्लास्टर, मधेच जुन्या खिळ्यांची भोकं. "अगं बाई, हे पडकं घर?" एवढंच ती बोलली. मेडिकलवाला म्हणाला, "भिंती कोरड्या आहेत, मान्य. पण आता रंगाचा खर्च आला. तेवढा भाव कमी करा."

"रंग मी देतो ना. फुकट देतो."

"तुम्ही नको!" दोघं नवरा-बायको एकदमच म्हणाली.

"कळवतो," म्हणून गेला, आणि या वेळी खरंच कळवलं. पण लेकीनं कळवलं. ती हातातली पिशवी न ठेवताच बोलायला लागली. म्हातारीचं घर गेलं. मेडिकलवाल्यानं घेतलं. औषधांच्या खोक्यांसाठी त्याला तळमजल्यावर जागा हवीच होती, आणि भाव काय, मालकीण कोण, तिला किती घाई आहे, हे त्याला विचारायलाही लागलं नाही. म्हातारीला त्यानं सांगितलं, "पेंटरचं घर विकलं जाणार नाही, मी स्वतः बघून आलोय." यात खोटं काही नव्हतं.

पेंटर खुर्चीवर बसला. मग बायको म्हणाली, "पाणी प्या म्हटलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी एजंट आला. भिंती बघून त्यानं पांढरे बूट दारातच थांबवले.

"काका, घराला नागडं केलंत? नागडं घर कोण घेतं? आता पाडून नवं बांधणारा बिल्डर आला तरच. तो जागेचे देईल, भिंतींचे नाही. ते जाऊ दे. एक काम आहे. रविवारी पार्टी येतेय. बाथरूमच्या मागची भिंत रडतेय अगदी."

"मी ती कामं सोडली."

"सोडली? मग ह्या भिंतींना रंग कुठल्या पैशानं देणार? आणि रंग न देता विकणार कसं?"

पेंटरनं उघड्या प्लास्टरवरून हात फिरवला. आतून आवाज आला, "जा हो. मी कुठे पळून जातेय?"

तो गेला. सायकलला बादली अडकवली, शिडी खांद्यावर घेतली. ते घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. बाथरूममागची भिंत कमरेपर्यंत काळी पडलेली, खालून मीठ फुटल्यासारखी पांढरी. घरची बाई मागं मागं फिरत होती, हात पदराला पुसत.

"लवकर विकलं गेलं पाहिजे हो, काका. काय आहे, आमच्या ह्यांची..."

"कारण सांगू नका," पेंटर म्हणाला.

"अहो, पण तुम्हाला म्हणून सांगते..."

"मलासुद्धा नको. रविवारी येईल त्याला तर अजिबात नको. विचारलं तर म्हणा, घाई नाही."

तो खाली बसला, भिंतीचा फुगलेला पापुद्रा पट्टीनं उचलला आणि म्हणाला, "तो पंखा बंद करा. आणि शेगडी असेल तर आणा."