धुरावर धरलेली बंदूक

कालमातला आपल्या बंदुकीची भीती वाटायची. लांडग्याची नाही, कड्याची नाही, हिमवादळाची तर मुळीच नाही. भिंतीशी टेकवून ठेवलेल्या स्वतःच्याच बंदुकीची. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं असतं तर आमच्या खोऱ्यात त्याला तोंड दाखवायची सोय उरली नसती, म्हणून तो बोलला नाही. पण बंदूक खांद्याला लावून चाप ओढताना त्याचे डोळे आपोआप मिटायचे. डोळे मिटून गोळी झाडणारा शिकारी! आता काय बोलायचं.

आणि हाच माणूस तरुणपणी सरकारी मेंढ्यांच्या कळपावर होता तेव्हा दोनशे पावलांवरून डोंगरबकरा पहिल्या गोळीत आडवा करायचा, हे पाहिलेले लोक अजून जिवंत आहेत. ती जुनी बंदूक पुढे सरकारजमा झाली. मग कुठून कुठून खटपट करून त्याने ही दुसरी मिळवली, लष्करी बनावटीची. दस्ता फुटका होता, म्हणून त्याने अक्रोडाचं लाकूड कोरून नवा बसवला. हात चांगला होता त्याचा. दोन हिवाळे बंदूक शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या वर्षी शरदात, सत्तर पावलांवर उभा असलेला बोकड सोडून गोळी बाजूच्या खडकावर बसली.

शिकाऱ्याची एखादी गोळी चुकते. वारा असतो, श्वास हलतो, कधी आदल्या दिवशीची दारू नडते. त्यात काही जगबुडी होत नाही. पण घरात त्याची थोरली बहीण होती, उल्जान. तिला सगळे एजे म्हणायचे, म्हणजे ताईच. आई गेली तेव्हा कालमात चार वर्षांचा होता. एजेने स्वतःचं लग्न लांबवून त्याला वाढवलं आणि विधवा झाल्यावर त्याच्याच घरी येऊन राहिली. तिचा शब्द त्या घरात शेवटचा असायचा.

"बंदूक बांधली गेलीय," एजे म्हणाली. "बाईमाणसाने ओलांडलीय कुणीतरी."

घरात बाया दोनच. एक एजे स्वतः आणि दुसरी कालमातची बायको बुरुल.

"मी नाही ओलांडली, एजे."

"मुद्दाम कोण ओलांडतं गं? किटली घेऊन लगबगीत गेली असशील. तुझं लक्ष असतं कुठे?"

झालं. त्या दिवसापासून बुरुलवर शिक्का बसला तो बसला. बांधलेली बंदूक सोडवायचा उपाय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच. निखाऱ्यांवर आर्चाची, म्हणजे डोंगरातल्या त्या सुवासिक झुडपाची, हिरवी डहाळी टाकायची आणि धुरावर बंदूक धरायची. इतर लोक ती धुरावरून एकदा फिरवतात आणि मोकळे होतात. एजेला अर्धवट काम आवडत नसे. ती चुलीच्या दोन दगडांवर बंदूक आडवी ठेवायची आणि पाऊण तास, आधी ही कूस मग ती कूस, अशी नीट शेकून काढायची. दर शिकारीच्या आधी.

बंदूक सुधारली नाहीच, उलट बिघडत गेली. कालमातने एकदा खांबावर टोपी टांगून पन्नास पावलांवरून तीन गोळ्या झाडल्या. पहिली वीतभर डावीकडे गेली, दुसरी दोन वीत डावीकडे. त्या हिशेबाने त्याने तिसरी उजवीकडे धरून मारली, तर ती आणखी उजवीकडे गेली. ठरलेली खोड असती तर माणूस सांभाळून घेतो. हिला खोडही ठरलेली नव्हती. शेजारचा जेक्शेन म्हणायचा, "कालमात बंदूक घेऊन निघाला की कोल्ही पिलांना बाहेर आणते, आवाज ऐकवायला." सगळे हसायचे. कालमातही हसायचा. घरी आला की एजे बुरुलकडे बघायची, आणि बुरुल मान खाली घालून पीठ मळत राहायची.

मग एका पावसाळी दिवशी कालमातने उतारावरच्या रानडुकरावर गोळी झाडली आणि ती पार बाजूला उभ्या असलेल्या जेक्शेनच्या घोड्याच्या मानेत शिरली. जेक्शेन घोड्यावर बसलेला होता. घोडा खाली कोसळला, जेक्शेन दगडांत फेकला गेला, आणि उठल्यावर आपले हातपाय चाचपत तो एवढंच म्हणाला, "हातभर इकडे आली असती रे." त्यानंतर त्याने कोल्हीचा विनोद पुन्हा केला नाही. कालमातची झोप उडाली ती तेव्हापासून. आपल्या हातून एक दिवस माणूस मरणार, हे त्याच्या मनाने घेतलं.

गेल्या शरदात जेक्शेनच्या मुलीच्या लग्नाला पलीकडच्या खोऱ्यातून शाम्बेत उस्ताद आला होता. आयुष्य फौजेच्या हत्यारखान्यात गेलेला म्हातारा. कालमातने त्याला हळूच तबेल्यामागे नेलं आणि बंदूक दाखवली. शाम्बेतने खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, नळी आणि लाकूड यांच्या फटीत सारला. कागद बोटभर गेला आणि अडकला.

"इथे कागद पार खालपर्यंत सरकला पाहिजे," शाम्बेत म्हणाला. त्याने लाकडाचा वास घेतला. "हे काय करतोस तू? भाजतोस की काय हिला?"

कालमातने सगळं सांगितलं. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

"अरे बाबा, लाकूड आहे ते. शेकलं की वाकतं, बर्फात भिजलं की फुगतं, आणि दर वेळी नळीला नव्या बाजूने ढकलतं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. कुणी ओलांडली नाही की बांधली नाही. तुम्हीच खराब केलीत. नवा दस्ता बसव, शेकणं बंद कर, आणि घरी जाऊन बायकोचे पाय धर."

कालमात घरी आला. बायकोचे पाय धरणं राहिलं बाजूला, एजेला सांगणंही जमेना. तीनदा तो एजेसमोर जाऊन बसला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून उठला. ज्या बाईने घास भरवून वाढवलं तिला कसं सांगायचं, की नऊ वर्षं तू बंदूक नासवलीस आणि आळ भावजयीवर घातलास? बुरुललाही तो बोलला नाही. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच पावली चुलीपाशी जाऊन एजेला बोलून दाखवलं असतं, आणि का दाखवू नये? त्याने गुपचूप अक्रोडाचा नवा ओंडका आणून गोठ्याच्या आढ्यावर वाळत टाकला. तो वाळायला उन्हाळा उजाडणार होता. तोवर गप्प बसू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. माणूस अशा समजुती फार लवकर घालून घेतो.

फेब्रुवारीत बातमी आली की खोऱ्याच्या तोंडाशी पिसाळलेला लांडगा फिरतोय, दोन कुत्री चावलीत. एजेने सकाळी उठल्याउठल्या निखारे मागितले. बंदूक पाऊण तास धुरावर राहिली. कालमात दारात उभा राहून बघत होता. मग तो बंदूक घेऊन मेंढ्यांच्या वाड्याभोवती माग बघायला गेला. बुरुल बादल्या आणि बर्फ फोडायची पहार घेऊन ओढ्यावर गेली.

वाड्याला वळसा घालून तो पुढे आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ओढ्याच्या काठी बुरुल उभी होती. तिची पाठ उंच दरडीला लागलेली आणि दोन्ही हातांत पहार. तिच्यापासून चार पावलांवर लांडगा. मान खाली, तोंडातून लाळेची तार लोंबलेली, मागचे पाय लटपटत होते.

कालमात थबकला. मधे नव्वद पावलं होती. तो गुडघ्यावर बसला आणि नेम धरला. नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवर लांडगा आला, आणि त्याच्या अगदी शेजारी, बोटभरसुद्धा अंतर न ठेवता, बुरुलचा हिरवा रुमाल. गोळी डावीकडे जाईल की उजवीकडे, हे त्याला ठाऊक नव्हतं. लाकूड सकाळीच शेकलेलं होतं, अजून धुराचा वास मारत होतं.

बुरुलने त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. लांडग्यावरची नजर न काढता ती त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "अहो, मारा."

त्याने चापावर बोट ठेवलं. जेक्शेनच्या घोड्यासारखी खाली कोसळणारी बुरुल त्याला डोळ्यांसमोर दिसली. बोट उचललं.

"मारा ना," ती म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता.

कालमात उठला आणि चालायला लागला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला. ही बंदूक जिथे चुकूच शकणार नाही एवढ्या जवळ जायचं, बस. एकेक पाऊल मोजत तो गेला. बर्फ बुटांखाली करकरत होतं आणि दर पावलाला त्याला वाटत होतं की आता लांडगा तिच्यावर उडी घेणार. साठ पावलं राहिली, मग चाळीस. वीस पावलांवर त्याने आवाज दिला, "ए मेल्या, इकडे बघ. इकडे." आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

लांडगा वळला. त्याचे डोळे कुणाकडेच बघत नव्हते. तो तिरका तिरका, पडत-धडपडत, पण फार वेगाने कालमातकडे आला. कालमात जागचा हलला नाही. नळीचं टोक मानेच्या केसांना लागलं तेव्हा त्याने चाप ओढला. डोळे उघडे होते.

लांडगा पायापाशी पडल्यावर तो बर्फात खाली बसला आणि ओकला. बुरुल पहार टाकून जवळ आली, त्याच्या बाह्या, हात, बोटं उलटसुलट करून तपासली. दात कुठे लागला नव्हता.

"तिथूनच का नाही मारलंत?" तिने विचारलं. "माझा प्राण जायची वेळ आली, आणि तुम्ही वऱ्हाडी चालतात तसे चालत काय येता?"

तेव्हा त्याने सांगितलं. शाम्बेत, कागद, लाकूड, सगळं.

"म्हणजे लग्नापासून ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

"पाच महिने. आज सकाळचे निखारे मीच आणून दिले एजेंना. माझ्या हातांनी." तिने बादल्या उचलल्या. "मला तुमची माफीबिफी काही नको. घरी चला आणि एजेंना सांगा. एवढंच करा."

"सांगतो," कालमात म्हणाला. त्या क्षणी त्याला ते खरंच वाटलं होतं.

गोळीचा आवाज ऐकून वस्ती गोळा झाली होती. जेक्शेन आला, त्याची बायको आली, आणखी चार घरची माणसं आली. बोरसोकचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, ताट मांडलं गेलं. एजेने भावाला छातीशी धरलं, रडली, मग डोळे पुसून सगळ्यांना म्हणाली, "सुटली बघा बंदूक. नऊ वर्षं धुरी दिली, फुकट नाही गेली. आणि बुरुल, आता तरी घरात जपून पाय टाकत जा गं."

सगळे बुरुलकडे बघायला लागले. बुरुल कालमातकडे बघत होती.

"काय रे," जेक्शेनने विचारलं, "खरंच सुटली का?"

कालमातने एजेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्याला बघवेना. पिसाळलेल्या जनावराच्या तोंडाशी त्याने पाय रोवले होते. इथे त्याला तेवढंही जमलं नाही.

"हो," तो म्हणाला. "एजेच्या धुरीचंच बळ."

बुरुलने किटली पुढे ओढली. ती चहा ओतायला बसली. आमच्याकडे आपल्या माणसाची चहाची वाटी कधी भरत नाहीत. अर्धीच देतात, म्हणजे ती पुन्हा पुन्हा पुढे येते आणि माणूस बसून राहतो. भरलेली वाटी त्यालाच देतात, ज्याने ती पिऊन उठावं आणि चालू लागावं. बुरुलने जेक्शेनला अर्धी वाटी दिली, एजेला अर्धी दिली, सगळ्या पाहुण्यांना अर्धी अर्धी दिली. मग तिने कालमातची वाटी घेतली, काठोकाठ भरली, आणि सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ठेवली.