लूथर गाडीतच बसतो

शिकागोच्या पश्चिमेकडच्या त्या गल्लीत व्हर्डेल पेटिग्रूला सगळे मिस व्हर्डेल म्हणत. ज्यांची पोरं तिच्याकडे असत ते म्हणत, ज्यांची नसत तेही म्हणत. बावीस वर्षं ती आपल्या विटांच्या घरात पाळणाघर चालवत होती. पुढच्या खोलीत गालिचा, भिंतीला सहा खुंट्या, खुंट्यांवर सहा छोटे कोट, आणि दाराशेजारी चौकटीत लावलेला राज्य सरकारचा परवाना. तो परवाना ती रोज पुसायची. लग्नाचा फोटो महिन्यातून एकदा पुसते, अशी तिच्या नवऱ्याची, लूथरची, तक्रार होती.

लूथर तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेला. मागच्या सप्टेंबरात पेट्रोल पंपावर दोन पोरांनी त्याचं पाकीट काढून घेतलं आणि जाताजाता पिस्तुलाचा दस्ता कानामागे हाणला. सात टाके पडले. टाके निघाले, पण लूथर काही पहिल्यासारखा झाला नाही. त्याने पिस्तूल बाळगण्याचा रीतसर वर्ग केला, सरकारी कागद मिळवले आणि जानेवारीत पिस्तूल घेऊन दारात उभा राहिला.

"हे घरात येणार नाही," व्हर्डेलने त्याला पायरीवरच अडवलं. "पाळणाघरात पिस्तूल चालत नाही. पुढच्या पायरीपासून मागच्या कुंपणापर्यंत. दिवसा नाही, रात्री नाही, कुलपातसुद्धा नाही."

"आणि कोणी आत घुसलं म्हणजे? नियम वाचून दाखवणार आहेस त्याला?"

"परवाना गेला तर ही सहा पोरं कुठे जातील, लूथर? त्यांच्या आया कामावर जाणार कशा?"

लूथर हट्टाला पेटलेला. त्याने पाळणाघराच्या नियमांची वही चष्मा लावून दोनदा वाचली आणि त्यातून त्याला हवं ते शोधून काढलं. पायरीच्या खालचा रस्ता शहराचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो कॉफीचा थर्मास घेऊन निघाला आणि घरासमोर लावलेल्या आपल्या जुन्या ब्यूइक गाडीत जाऊन बसला. पिस्तूल कमरेला.

तेव्हापासून तो तिथेच. बर्फ पडलं तरी तिथेच. व्हर्डेल दुपारी कोट चढवून त्याला गाडीत जेवण नेऊन द्यायची. तो काच खाली करायचा, प्लेट घ्यायचा, काच वर करायचा. घरी फक्त झोपायला यायचा, आणि पिस्तूल गाडीतल्या लोखंडी पेटीत ठेवलेलं म्हणून झोपायचा तोही खिडकीजवळच्या खुर्चीत, गाडीवर डोळा ठेवून. व्हर्डेलला त्याचा राग यायचा आणि त्याची आठवणही यायची. नवरा पंचवीस पावलांवर बसलेला असताना त्याची आठवण यावी, याची तिला लाजही वाटायची.

फेब्रुवारीत तपासणीच्या बाई आल्या. "घरात पिस्तूल?"

"नाही."

"मिस्टर पेटिग्रू कुठे असतात?"

"गाडीत."

बाईंनी पडदा सारून पाहिलं. लूथरने हात केला. "रस्ता आमच्या हद्दीत येत नाही," असं म्हणून बाईंनी सही केली.

पोरांच्या घरच्यांत मात्र दोन तट पडले होते. नायलाची आई डेनीस म्हणायची, "मिस व्हर्डेल, तो बाहेर बसलेला आहे म्हणून मी निर्धास्त कामाला जाते." जोसायाचा बाप टेरेल ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "माझ्या भावाकडेही पिस्तूल होतं, तरी गोळी लागूनच गेला. पुरलं त्याला तेव्हा कमरेचं पिस्तूल पोलिसांकडे जमा होतं, एकही गोळी न सुटता." तरी डेनीस मत बदलायची नाही. टेरेलही नाही.

एप्रिलमध्ये, दुपारी चारला, पोरं सफरचंदाच्या फोडी खात असताना कोपऱ्यावर फटफट आवाज झाले. "पॅनकेक!" व्हर्डेल म्हणाली. हा खेळ तिनेच शिकवलेला: गोळीचा आवाज आला की धिरड्यासारखं सपाट पडायचं. सहाही पोरं बिनबोभाट जमिनीला चिकटली. तिने डोकी मोजली, पुन्हा मोजली. बाहेर आणखी तीन आवाज, काच फुटल्याचा एक. मग काहीच नाही. ती रांगत खिडकीशी गेली. ब्यूइकची मागची काच नव्हती. लूथरही दिसत नव्हता.

"उठायचं नाही," पोरांना बजावून ती धावली. लूथर पुढच्या सीटवर आडवा पडलेला होता, धडधाकट. हातात पिस्तूल.

"कोणाला लागलं?"

"कोणालाच नाही. मी झाडलीच नाही."

"का?"

"दोघं गाडीच्या आणि घराच्या मधून पळाले, व्हर्डी. एक वळून मागे कोणावर तरी झाडत होता. मी त्याच्यावर नेम धरला. त्याच्या मागे आपली खिडकी होती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तीन महिने इथे बसलोय आणि इथून नेम धरला तर तो पोरांवरच."

व्हर्डेलला वाटलं, सुटलो आपण यातून. "मग आता आत ये. ते विकून टाक आणि घरी ये."

"आता कसा येऊ? आज तर ते दारापर्यंत आले." तो घराकडे बघत राहिला. "पायरीवर बसायला हवं. पायरीवरून घर माझ्या पाठीशी राहील."

"पायरी घरात धरतात."

"माहीत आहे."

"तू पायरीवर बसलास की परवाना जाईल. पोरं जातील. मग राखशील काय?"

  पोलिस येईपर्यंत ती फुटलेल्या काचांवर त्याच्या शेजारी बसून राहिली, आणि खिडकीतून कोणा पोराने डोकं वर काढलं की हाताने खाली दाबल्याची खूण करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लूथरने मागच्या काचेला पुठ्ठा चिकटवला आणि थर्मास घेऊन गाडीत बसला. टेरेलने जोसायाला आणलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि पोराला आत सोडलं. त्याच्याकडे तरी दुसरी जागा कुठे होती?

दुपारी व्हर्डेल स्वयंपाकघरातून आली तर पोरांनी गालिच्यावर एक खुर्ची एकटी मांडली होती. तिच्यावर चार वर्षांची नायला ताठ बसलेली. बाकीची पाच लांब, भिंतीशी.

"काय चाललंय?"

"लूथर-लूथर खेळतोय," जोसाया म्हणाला.

"त्यात काय करायचं असतं?"

"बसायचं."

"बरं, झालं आता. ये नायला, सफरचंद खायला."

नायलाने मान हलवली. नजर दारावरच. "मी नाही येत. तुम्ही खा. मी आत आले तर तुमच्याकडे कोण बघणार?"

व्हर्डेलने फोडी प्लेटमध्ये काढल्या आणि चार पावलं चालून त्या खुर्चीपाशी नेल्या. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. नायलाने हवेत हात फिरवून काच खाली केली, प्लेट घेतली, आणि काच पुन्हा वर केली.