मी पीत नाही, म्हणून दाराबाहेर

मैत्रिणींनो, नाव न लावता लिहितेय, समजून घ्या.

चार वर्षांत आज पहिल्यांदा नवरा म्हणाला, "चल, येतो. पण तू शेजारी बसायचंस." दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आमच्या धायरीत सापडली नाही, म्हणून सकाळी बिबवेवाडीच्या एका शाळेत गेलो. रिक्षात त्याने माझा हात सोडला नाही.

वर्गाच्या दाराशी एक काका होते, स्वतः नऊ वर्षं न प्यायलेले. प्रेमाने म्हणाले, "ताई, आजची मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. घरच्यांना महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसता येतं. यांना आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा."

नियम बरोबरच आहे. बायकोसमोर कोण खरं बोलेल?

पण नवरा लगेच वळला. "मग रविवारीच बघू." शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा चेहरा!

क्षणभर वाटलं, काकांना सांगावं, मीपण पिते, घ्या दोघांना आत.

घरच्यांना बसू देणारी मीटिंग आज-उद्या कुठे आहे का हो? तो रविवार अकरा दिवसांवर आहे. आमच्या कोपऱ्यावरचा बार रोज उघडा असतो, आणि तिथे जायला त्याला मी शेजारी लागत नाही.