निंदनाला हलकं म्हणाले

प्रयागबाई रामदासपेठेतल्या आमच्या कोश-कार्यालयात झाडलोट करायच्या. त्याआधी तीस वर्षं त्यांनी लोकांच्या वावरात मजुरी केली होती. कोश वऱ्हाडी बोलीचा. संपादक गिरिधरराव अडले की हाक मारायचे, "बाई, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" फडका खांद्यावर टाकून प्रयागबाई सांगायच्या. सहा वर्षांत सातशेवर शब्द सांगितले त्यांनी. कार्डं मी लिहिली, म्हणून मला ठाऊक.

कोश छापून आला. सुरुवातीच्या पानावर छापखान्याचे आभार, गिरिधररावांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचेही आभार. प्रयागबाईंचं नाव नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "अबोली, निंदन काढ वं. पाहू काय लिवलं."

मी वाचलं, "निंदन: पिकातील तण काढण्याचे हलके काम. बायका करतात."

त्या तडक आत गेल्या. गिरिधररावांसमोर पाहुणे पेढे खात बसले होते.

"सायेब, हलकं कोनं सांगतलं तुमाले? मी सांगतलं का?"

"बाई, नांगरणीच्या मानाने म्हटलंय ते."

"नांगर तं बैल वढते जी! मले सातवा लागला व्हता. दिवसभर उकिडवी बसून निंदून राहिली व्हती. वावराच्या धुऱ्यावरच पोट्टी झाली, मेलेली. हे काहून नाई इचारलं?"

पाहुण्यांनी हातातले पेढे खाली ठेवले. "पुढच्या आवृत्तीत बघू," गिरिधरराव म्हणाले.

"मंग माहे शब्द वापस द्या." त्या घरी गेल्या, त्या पुन्हा कामावर आल्याच नाहीत.

मला माझीच चीड आली. ते वाक्य मी मुद्रितं तपासताना चारदा वाचलं होतं आणि एकदाही अडखळले नव्हते. प्रत्येक कार्डावर 'कोणी सांगितले' अशी जागा होती. 'ती कोरीच ठेव' म्हणून गिरिधररावांनी सांगितलं तेव्हा मी मुकाट्यानं ठेवली. आता तीन दिवस बसून सगळ्या कार्डांवर प्रयागबाईंचं नाव लिहिलं आणि कार्डं कोशाच्या समितीसमोर ठेवली.

समितीनं शुद्धिपत्र काढलं: "'हलके' हा शब्द वगळावा." नाव मात्र नाही. कोशात मजुरांची नावं घालत नसतात म्हणे. संपादकांची चार नावं मुखपृष्ठावर ठळक होती. मी तिथंच राजीनामा लिहून दिला.

शुद्धिपत्र घेऊन प्रयागबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "एक शब्द काढाले समिती बसली," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

आता त्या बुटीबोरीत कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटतात. पुढच्या आवृत्तीचे शब्द अडले, तेव्हा गिरिधररावांनी दोनदा निरोप धाडला. त्या गेल्या नाहीत.