पांढरी साडी आणि बंदुकीचा गेम

मागच्या महिन्यात घरी आलेल्या वस्तू : गेमचं यंत्र, वापरलेलं, नऊ हजार. टीव्हीला जोडायची वायर, दोनशे दहा. गेमची सीडी, तीही जुनीच, साडेतीनशे. बारामतीहून पिंपळीपर्यंत रिक्षा, शंभर... ऐंशीवर तो तयारच होईना.

हे सगळं माझ्या मुलीनं, प्रज्ञानं, स्वतःच्या पगारातून आणलं. ती इंदापूरला बँकेत आहे, शनिवारी येते आणि सोमवारी सकाळी जाते. म्हणजे बाकीचे दिवस यंत्र नुसतं पडून... आणि घेतलेली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. तिच्याकडून शिकून घेतलं आणि दुपारची भांडी झाली की खेळायला लागले. वय अठ्ठावन्न, शिक्षण मॅट्रिक.

गेम असा, की समोर फक्त आपले हात आणि बंदूक दिसते. पहारेकऱ्यांना गोळ्या घालत एका बंद कारखान्यातून बाहेर पडायचं. पण एक बटण दाबलं की काळ थांबतो... गोळी हवेत लटकते, नळाचं पाणी तारेसारखं उभं राहतं आणि आपण एकटे चालत राहतो. दुसरं बटण दाबलं की झालेलं सगळं उलटं फिरतं.

आता खरी गोष्ट. गेली अकरा वर्षं आमच्या विहारात दर रविवारी सकाळी आणि पौर्णिमेला संध्याकाळी बुद्धवंदना मी घेते. आधी मी म्हणायचं, मागून सगळ्यांनी. त्यात पंचशील येतं, आणि पहिलंच शील जीव न घेण्याचं.

गेल्या रविवारी पौर्णिमा होती, म्हणून दुपारीच पांढरी साडी नेसून तयार झाले. विहारात जायला वेळ होता, म्हणून जरा कंट्रोलर हातात घेतला. प्रज्ञानं मागून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला... पांढरी साडी, कानावर हेडफोन आणि पुढे बंदूक!

संध्याकाळी विहाराच्या पायरीवरच मोठ्या जाऊबाई आडव्या आल्या.

"काय गं शोभा, हितं शील देती अन् घरी माणसं मारती व्हय? आज किती पाडली?"

बायका हसल्या. विहाराचं काम बघणारे तात्या हसले नाहीत. वंदना झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चार लोकं बोलत्यात, शोभाबाई. थोडे दिवस दुसऱ्या कुणाला घेऊ दे वंदना."

मी म्हटलं, "तात्या, बोलणाऱ्यांनी खेळ बघितलाय का? आधी माझ्या घरी या, बघा, मग काढा मला."

दुसऱ्या दिवशी रागारागात खेळायला बसले. समोर एक पहारेकरी आला, मी गोळी सोडली आणि सवयीनं काळ थांबवला. गोळी त्याच्या छातीपासून हातभर लांब... मी चालत त्याच्याजवळ गेले. याआधी कधी कुणाच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. दाढीचे खुंट वाढलेले, मनगटाला काळा दोरा. चित्रच ते, मला माहीत आहे. पण माझा अंगठा दुसऱ्या बटणावर गेला आणि गोळी परत माझ्या बंदुकीत आली.

इतकी वर्षं जे शील तोंडपाठ म्हणत आले, ते त्या दुपारी पहिल्यांदा विचार करून म्हटलं... तेही हातात कंट्रोलर धरून. कुणाला हसायचं असेल तर हसा.

गुरुवारी तात्या, जाऊबाई आणि आणखी पाच बायका घरी आल्या. सगळ्यांना चहा दिला आणि टीव्ही लावला. काळ थांबवला, पहारेकऱ्यांच्या हातातून एकेक बंदूक काढून घेतली आणि नेऊन पाण्याच्या टाकीत टाकली. मग काळ सोडला... सगळे आपापल्या रिकाम्या हातांकडं बघत उभे! मी त्यांच्या मधून दार उघडून बाहेर. गेमनं मला शून्य गुण दिले.

जाऊबाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आगं बया, त्यो जाडा बघ कसा खिसं चाचपतोय!" आणि लगेच म्हणाल्या, "मग झालं की वो तात्या. फोटोतबी ही बंदुका काढूनच घेत हुती, असं सांगू सगळ्यांना. मिटलं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "तसंच हाय ना, शोभाबाई?"

नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. घरात आलेल्या सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

"नाही तात्या. फोटोत मी मारत होते. त्या दिवशी अकरा जण मारले, आणि मजाही आली. बंदुका काढून घ्यायचं त्यानंतर सुचलं."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "कशाला खरं बोलायची हौस गं तुला!"

"आक्का, खोटं न बोलण्याचंही शील आहे. ते तुमच्यासमोर मोडून, रविवारी परत तुम्हालाच कसं देऊ?"

तात्यांनी कप खाली ठेवला. उठताना एवढंच म्हणाले, "मग मला सगळ्यांना इचारावं लागंल." मी म्हटलं, विचारा.

म्हणून ही पोस्ट. कुणी कुणाच्या कानात सांगायला नको, मीच सांगितलं. यंत्र मी काढणार नाही, खेळणंही सोडणार नाही. प्रज्ञाला तो फोटो पुसायला लावायची नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती म्हणाली, "आई, तुझी जागा जाईल." जाऊ दे... पण गेली तर खरं बोलून जाईल.

रविवारी सकाळी आठ वाजता मी पांढरी साडी नेसून विहारात येणार आहे. मी वंदना घेऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी शनिवारच्या आत उलट टपाली कळवावं. इथं खाली लिहा, नाहीतर चिठ्ठी पाठवा... पण स्वतःचं नाव घालून.